संध्याकाळचं मैदान मुलींना कधी मिळणार? (कोकणातला मुलींचा फुटबॉल)

सुरंगी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आम्ही वेंगुर्ले तालुक्यात राहतो. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅक खेळते. संघ म्हणजे काय ते आधी सांगते. तालुका स्पर्धेचं पत्र आलं की सहावी ते आठवीतल्या मुली गोळा करायच्या, आठ दिवस सराव घ्यायचा आणि न्यायचं. यंदा तालुक्याला मुलींचे दोनच संघ होते. एक सामना जिंकला की थेट जिल्हा. जिल्ह्याला पहिल्याच सामन्यात ०–६.

हरल्याचं मला काही वाटलं नाही. ओरोसहून येताना ती एसटीच्या खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. कुडाळ गेल्यावर म्हणाली, "आई, त्या मुली रोज खेळतात. पायात बॉल आला तरी खाली बघत नाहीत. आम्ही कधी खेळायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. शाळा साडेचारला सुटते आणि आता सहाला काळोख पडायला लागतो. म्हणजे दिवसाकाठी दीड तास. त्या दीड तासात गावातल्या एकुलत्या एका मैदानावर काय असतं, ते मी एका वहीत लिहून ठेवायला लागले. चौदा संध्याकाळ लिहिलं. दहा दिवस टेनिस बॉलचं क्रिकेट, तीन दिवस मुलांचा फुटबॉल, एक दिवस मंडप. मुली दोन दिवस दिसल्या, त्याही कडेकडेने घरी जाताना.

क्रिकेट खेळणारे आमचेच मुलगे, भाचे, शेजारी आहेत. कोणी वाईट नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काकी, पोरींना सकाळी येऊ देत ना." सकाळी त्या पोरी पाणी भरतात, धाकट्यांची तयारी करतात, क्लासला जातात. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांनी कधी तसा विचारच केला नव्हता.

मला आठवड्यातून दोन संध्याकाळी हव्या आहेत, पाच वाजता, अख्खं मैदान. कोणाच्या गावात असं झालं असेल तर कसं केलंत ते सांगा. आणखी एक, तीन नंबरचे फुटबॉल शूज सावंतवाडी-कुडाळात कुठे मिळतात का? माझी मुलगी भावाचे पाच नंबरचे, पुढे कापूस कोंबून घालते.

निळाई | १८ नोव्हेंबर, रात्री ९:५५

वाचतेय. माझी लहान आहे अजून, पण हा प्रश्न दोन वर्षांत माझ्या दारात येणार. वहीची कल्पना फार आवडली.

आजगावचे_काका | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

ताई, राग मानू नका. आपल्याकडे मुलींना कबड्डी आहे, खो-खो आहे. मैदान कमी लागतं, बूट लागत नाहीत, मार्गदर्शक गावातच मिळतात. कबड्डीच्या जोरावर नोकरीला लागलेल्या मुली मी पाहिल्यात. फुटबॉलचं ना इकडे वातावरण, ना पुढे काही. मुलीचा वेळ फुकट जाऊ नये एवढंच वाटतं.

सुरंगी | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

काका, राग नाही. कबड्डीबद्दल मलाही अभिमान आहे, मी स्वतः तालुक्यापर्यंत खेळले. पण मुलगा फुटबॉल खेळतो म्हणाला तर आपण त्याला "पुढे काय" विचारत नाही. खेळू दे म्हणतो, दमून येईल, जेवेल, झोपेल. मुलीने मात्र खेळायच्या आधीच खेळाचा उपयोग सांगायचा. एवढ्यापुरतंच माझं म्हणणं आहे.

तरी उपयोगाचं विचारलंत म्हणून: सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आणि दहावी-बारावीचे क्रीडागुण फुटबॉललाही आहेत. आणि पुढे काही नाही असंही नाही. भारताच्या मुलींनी जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २–१ हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तो सामना मी मुलीबरोबर मोबाईलवर बघितला. रेंज जात होती तेव्हा दोघी अंगणात जाऊन उभ्या राहिलो.

रेडीकर | १९ नोव्हेंबर, दुपारी १:४५

ताई, तुमी लिवल्यात ता खरा आसा. माझा चेडू नववीत. तेका खेळाक खूप आवडता. पण आमच्या वाडीची गाडी सहाची. ती चुकली की मगे साडेआठची, आणि थयसून काळोखात तीन किलोमीटर चलान येवचा लागता. मिया सांगितलंय, खेळ पण सहाच्या आत स्टँडवर. म्हणजे पाचाक पोचता, पंधरा मिन्टा खेळता, शूज सोडता, धावता. तेच्या बरोबरचे झील साडेसातपर्यंत खेळतत, कोणाच्यातरी बाइकवर मागे बसान येतत. चेडवाक कोणाच्या बाइकवर बसवतलंय?

मैदान गावला तरी गाडी नाय, तर काय उपयोग? ह्याचो पण विचार करा.

सुरंगी | १९ नोव्हेंबर, रात्री ८:३०

रेडीकरदादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. आमचं घर मैदानापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून मला हे सुचलंच नाही. आमच्या अकरापैकी चार मुली लांबच्या वाड्यांतून येतात. आज त्यांच्या घरी विचारलं. चौघींचंही तुमच्यासारखंच. मुलींचा एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, वेळेचाच आहे. आता मागणी नीट लिहायला हवी: मैदान पाचला नको, शाळा सुटल्या सुटल्या साडेचारला हवं, पावणेसहाला संपायला हवं. सगळ्यांना सारखा वेळ वाटून दिला असता तर या चौघी पुन्हा बाहेरच राहिल्या असत्या.

तिसरी_घंटा | १९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. ३१ वर्षं नोकरी झाली, सगळी रत्नागिरी जिल्ह्यात. हे लिहिताना जड जातंय, पण लिहितो.

मुलींचा फुटबॉल संघ आम्ही नेत होतो तो प्रवेशिका भरायची म्हणून. संघ कमी असतात, एक सामना जिंकला की वरच्या पातळीचं प्रमाणपत्र मिळतं, गुणांना उपयोग होतो, शाळेचं नाव पेपरात येतं. मुली खेळाव्यात म्हणून आम्ही तो संघ बांधला नाही. पी.टी.च्या तासाला मुलांच्या पुढ्यात बॉल टाकायचा आणि मुलींना आंब्याच्या सावलीत बसवायचं, असं मी कित्येक वर्षं केलं. कोणी तक्रार केली नाही. मुलींनीही नाही. एकदा एक मुलगी उठून उभी राहिली होती. मी हातानेच खूण करून तिला खाली बसवलं. तिचा चेहरा अजून आठवतो. नाव आठवत नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

सुरंगीताई, संध्याकाळच्या मैदानाबरोबर पी.टी.चा तास मागा. तो वेळापत्रकात आधीच आहे, एसटी चुकत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. त्या तासाला मुलींच्या हातात बॉल आहे की नाही एवढं पालक विचारू शकतात. मला कोणी विचारलं असतं तर मी बदललो असतो.

निळाई | २० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

सर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सावलीत बसलेल्यांपैकी मी एक. शाळा वेगळी, आंबा तसाच.

जुनी_पानं | २० नोव्हेंबर, दुपारी ३:१५

मैदानाच्या विषयावरून इंग्लंडची हकीकत सांगतो, कारण ती अगदी इथे लागू पडते.

पहिल्या महायुद्धात तिकडे दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या आणि जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल खेळायला लागल्या. प्रेस्टन गावच्या कारखान्याचा 'डिक, कर लेडीज' नावाचा संघ त्यात सगळ्यांत नावाजलेला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणसं आली. पैसे धर्मादायाला जायचे. आणि वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला: हा खेळ बायकांना योग्य नाही, तेव्हा आपल्या कोणत्याही क्लबने त्यांना मैदान देऊ नये.

नीट बघा, बायकांनी खेळायचं नाही असं ठरावात नव्हतं, फक्त मैदान द्यायचं नव्हतं. तेवढं पुरलं. पार्कात, रग्बीच्या मैदानांवर त्या खेळत राहिल्या, पण तिकीट, प्रेक्षक, पुढच्या पिढीच्या मुली, सगळं आटलं. ती बंदी उठायला १९७१ उजाडलं. ब्राझीलने तर १९४१ ला कायद्यानेच बंदी घातली, ती १९७९ पर्यंत होती. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०. आज "बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षक नाहीत" असं म्हणतात तेव्हा मला ती ५३ हजार माणसं आठवतात.

उलट उदाहरण अमेरिकेचं. १९७२ ला टायटल नाइन कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलींना वगळायचं नाही, खेळातसुद्धा. तेव्हा हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आता तीस लाखांच्या वर आहेत. १९९१ चा पहिला महिला विश्वचषक त्यांनीच जिंकला. त्या मुलींत आधी काही कमी होतं आणि मग अचानक आलं, असं तर झालं नसेल.

दांडी_किनारा | २० नोव्हेंबर, रात्री ९:००

बक्षिसाच्या रकमेचंही बघा. पुरुषांच्या २०२२ च्या विश्वचषकाला ४४ कोटी डॉलर, महिलांच्या २०२३ च्या विश्वचषकाला ११ कोटी.

आणि आपल्याकडे मैदान नसेल तर पुळण आहे की! आम्ही मालवणात ओहोटीला किनाऱ्यावरच शिकलो. ओली वाळू घट्ट असते, बॉल छान पळतो, पडलं तरी लागत नाही.

सुरंगी | २० नोव्हेंबर, रात्री ९:४०

किनाऱ्यावर आम्ही रविवारी जातो, मुलींना फार आवडतं. पण ओहोटी रोज पाऊणएक तास पुढे सरकते, ती शाळेच्या घंटेला थांबत नाही. आणि खरं सांगू, मुली किनाऱ्यावर, मुलगे मैदानावर अशी वाटणी एकदा पडली की ती कायमची होईल ही भीती वाटते.

फिजिओताई | २१ नोव्हेंबर, दुपारी २:२०

चिपळूणला प्रॅक्टिस करते. गुडघ्यांबद्दल दोन शब्द, कारण आयांचा पहिला प्रश्न तोच असतो.

मुलींना एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या पुढच्या अस्थिबंधाची, इजा मुलांपेक्षा जास्त होते. वेगवेगळ्या अभ्यासांत दुपटीपासून आठपटीपर्यंत आकडे येतात. कमरेची ठेवण, उडी मारून उतरताना गुडघा आत झुकणं, अशी कारणं सांगतात. पण मुलींना वर्षभर ताकदीचा व्यायाम मिळत नाही आणि आठ दिवसांत त्यांना सामन्यात उतरवतात, हे कारण मी रोज माझ्या टेबलावर बघते. "मुलींचे गुडघे नाजूक" असं म्हणून घरी बसवणं हा त्यावर उपाय नाही. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, फुकट. सावकाश धावणं, मग प्लँक, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं, मग जोरात धावणं. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याचा अभ्यास झाला आणि इजा स्पष्ट कमी झाल्या. उतरताना बघायचं एकच: गुडघा पावलाच्या रेषेत आहे का. आई ओट्यावर बसूनसुद्धा हे बघू शकते.

शूज: कापूस काढा. टाच आत हलते आणि घोटा मुरगळतो. आपल्या जांभ्याच्या कडक जमिनीवर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब टोकं असलेले, बूट नकोतच, बारीक बारीक भरपूर स्टड असलेले टर्फ शूज घ्या. ते लहान मापात ऑनलाइन मिळतात.

आणि रक्त. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींत ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा पाचव्या फेरीचा आकडा. "माझी पोरगी लवकर दमते" याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खातात की दप्तरात ठेवतात ते विचारा. आणि साडेचारला पोटात काहीतरी हवं. नाचणीची अर्धी भाकरी आणि गूळ पुरे.

पेडण्याची_माय | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

मी पत्रादेवीच्या पलीकडची, माहेर बांद्याचं. गोव्यात फुटबॉल घराघरात आहे, पण मुलींना सगळं आयतं मिळालं असं समजू नका. इथल्या उवेना फर्नांडिस २०१६ ला जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाला सहायक पंच होत्या. तुमच्या मुलींना हे सांगा. जिला अकरात जागा मिळत नाही तिच्या हातात शिट्टी आणि झेंडा द्या, नियम पाठ करू द्या.

आता जे कोणी लिहीत नाही ते लिहिते. पाळी. माझ्या मुलीच्या संघाची हाफ पँट पांढरी होती. महिन्यातले चार दिवस ती "पोट दुखतं" म्हणून घरी राहायची. पोट दुखत नव्हतं. आम्ही आयांनी मिळून गडद निळी पँट शिवून घेतली, त्या दिवसापासून तिची दांडी नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघानेसुद्धा २०२३ ला याच कारणाने पांढरी सोडून निळी घेतली. आणि शाळा सुटल्यावर मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं का ते बघा. आमच्याकडे असायचं.

सुरंगी | २१ नोव्हेंबर, रात्री १०:१५

कुलूप असतं. आज जाऊन बघितलं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "म्हणून आम्ही दुपारपासून पाणीच पीत नाही." माझ्याच घरातली गोष्ट, मला माहीत नव्हती.

करवीर | २२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

कोल्हापूरहून. शालेय स्पर्धेत सिंधुदुर्ग-रत्नागिरी आमच्याच विभागात येतात, त्यामुळे तुमच्या मुली दरवर्षी बघतो. धावतात वाऱ्यासारख्या. दम आमच्या मुलींपेक्षा जास्त. पण बॉल पायाला लागला की दोन हात लांब जातो. हे फक्त टचचं काम आहे, त्याला अख्खं मैदान लागत नाही.

अकरा विरुद्ध अकरा खेळवूच नका. चार-चारच्या जोड्या लावा, तीस पावलं बाय वीस पावलं, छोटे गोल, गोलकीपर नाही. प्रत्येक मुलीला कितीतरी जास्त वेळा बॉल मिळतो. दोघींत एक बॉल असा हिशोब ठेवा, चौदा वर्षांच्या आत चार नंबरचा. कोपऱ्यात लाजून उभी राहणारी मुलगी चार जणींत लपू शकत नाही, आठवड्याभरात बोलायला लागते. आमच्याकडे पेठापेठांचे पुरुषांचे सामने बघायला शाहू स्टेडियम भरतं. मुलींना ते प्रेम अजून मिळालेलं नाही, हे मी कोल्हापूरकर म्हणून मान्य करतो. पण सराव सुरू आहे, रोज सुरू आहे.

ज्या आयांना हौस आहे त्यांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स, म्हणजे प्रशिक्षकाचा परवाना, करावा. स्वतः मोठी खेळाडू असायची गरज नाही.

आजगावचे_काका | २२ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

सगळं वाचलं. माझी नात सातवीत आहे. तिला काल विचारलं, तुला बॉल खेळायला आवडेल का. म्हणाली, "आजोबा, मला गोलकीपर व्हायचंय, पण कुणाला सांगू नका." का सांगू नको विचारलं तर गप्प.

सुरंगीताई, ग्रामपंचायतीत माझी थोडी ओळख आहे. अर्जावर सही लागली तर सांगा. तालुका दुसरा असला तरी येईन.

सुरंगी | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

काल मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. घरची पूजा आटपून बचत गटाच्या सतरा जणी ग्रामपंचायतीत गेलो. वही नेली होती. मी भाषण केलं नाही, फक्त चौदा दिवसांची नोंद वाचली. सरपंचबाईंनी क्रिकेटच्या मुलांना बोलावून घेतलं. त्यांच्यातला एकजण वही हातात घेऊन बराच वेळ बघत होता. त्याची धाकटी बहीण आमच्या संघात आहे.

ठरलं ते असं: मंगळवार आणि शुक्रवार, साडेचार ते पावणेसहा, अख्खं मैदान मुलींचं. मधल्या पिचवर पाणी मारलेलं असतं, त्यावर पाय द्यायचा नाही ही त्यांची अट. आम्ही मान्य केली, चार-चारच्या खेळाला दोन्ही बाजूंना जागा उरते. स्वच्छतागृहाची एक किल्ली बचत गटाकडे राहणार. पी.टी.च्या तासाबद्दल मुख्याध्यापकांना वेगळं पत्र दिलंय, त्याचं उत्तर यायचंय. लांबच्या चौघींसाठी सहा दहाची गाडी आहे, एक आई आळीपाळीने स्टँडपर्यंत जाईल.

सगळंच सोपं झालं असं नाही. दोन घरांनी मुलींना नाही म्हटलं. एकीची आजी म्हणाली, उन्हात काळी पडेल, मग कोण करील. मी उद्या पुन्हा जाणार आहे.

रेडीकर | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

लय बरा वाटला. आमच्या शाळेत पण आजच सांगतंय, साडेचार म्हणान. वहीचो फोटो टाकशात काय? आमच्याकडे पण तशीच लिवन काढतंय.

सुरंगी | २ डिसेंबर, रात्री ८:४५

फोटो टाकलाय, वर पहिल्या पोस्टला जोडला आहे.

आज पहिला मंगळवार. नऊ मुली आल्या. गोलाला चिव्याचे, म्हणजे बांबूचे, चार दांडे पुरले, वर काथ्या बांधला. बॉल तीनच होते, एक क्रिकेटच्या मुलांनी आणून दिला. वीस मिनिटं फिजिओताईंचा वॉर्मअप केला. उडी मारून उतरताना सगळ्या एकमेकींच्या गुडघ्यांकडे बघत होत्या. मग चार विरुद्ध चार, आणि एक शिट्टीवर. पाचच्या सुमाराला एकीचा गुडघा जांभ्यावर सोलवटला. मी उठले तर ती म्हणाली, "काकी, बसा तुम्ही, वेळ जातोय."

सव्वापाचला कंपाउंडच्या गडग्यापाशी दहावी मुलगी येऊन उभी राहिली. त्या आजीची नात, शाळेच्याच गणवेशात. बरोबर आजी. मी खुर्ची दिली. आजी बसल्या आणि नातीला म्हणाल्या, "जा, पण चप्पल काढून जा."

दोन नंबरचे आणि तीन नंबरचे जुने शूज कोणाकडे असतील तर कळवा, कुरिअरचा खर्च आम्ही देऊ. शुक्रवारच्या आत मिळाले तर बरं.